डाव्या चाकाला ताप आहे

मित्रांनो, उभ्या असलेल्या मोटारीच्या चाकातल्या भोकांतून तुम्ही कधी आत डोकावला आहात का? आत एक गुळगुळीत लोखंडी चकती दिसते आणि त्या चकतीला चिमटीत धरून बसलेला एक ओबडधोबड ठोकळा दिसतो. तो मी. मला ब्रेकचा कॅलिपर म्हणतात. आता मी म्हातारा झालो आहे. एकाच मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाशी बसून मी सतरा वर्षे काढली आहेत.

माझे काम सांगायला सोपे आहे. कोणी ब्रेकवर पाय दिला, की नळीतले ब्रेक ऑइल माझ्या पोटात दाबले जाते. पोटातला दट्ट्या पुढे सरकतो आणि मी दोन्ही बाजूंच्या पॅडांनी फिरती चकती आवळतो. पाय निघाला, की सोडून देतो. आवळणे आणि सोडणे, एवढाच माझा संसार. पण यातले सोडणे आवळण्याइतकेच महत्त्वाचे असते. माझ्या आयुष्यातला सगळा घोटाळा तिथेच झाला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. वितळलेले लोखंड ओतले, निवले, मग यंत्रावर माझी भोके पाडली, खाचा कापल्या. या खाचांतून पॅड पुढेमागे सरकतात आणि त्यांना केसभर मोकळी जागा लागते. कारखान्यात तपासणीला बसलेली एक बाई प्रत्येकाच्या खाचेत मापाची पातळ पट्टी घालून पाहायची. माझ्या खाचेतून पट्टी अलगद आरपार गेली. तिने मान डोलावली आणि मला पास झालेल्यांच्या पेटीत ठेवले. जन्मभरात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे कितीतरी वर्षे तीच पुरवून पुरवून वापरली, कारण दुसरी मिळालीच नाही.

आमची मोटार मास्तरांच्या हाती आली तेव्हा ती दोन वर्षांची होती. मास्तरांची ड्रायव्हिंग स्कूल होती. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तसा दुसरा ब्रेक त्यांनी डाव्या बाजूला बसवून घेतला आणि माझे कष्टाचे दिवस सुरू झाले. मित्रांनो, शिकाऊ माणूस ब्रेक दाबत नाही, तो ब्रेकवर उभा राहतो. पुढे मांजर दिसले की उभा, कागद उडाला की उभा. एक शिंपीदादा तर सिग्नल हिरवा झाला तरी आनंदाने ब्रेक दाबायचे. मी मात्र कधी कुरकुर केली नाही. दिवसाला हजार वेळा आवळले आणि हजार वेळा सोडले.

पहिल्या दिवशी मास्तर प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचे, "अजिबात घाबरायचं नाही. तुमचा ब्रेक चुकला, तर माझ्या पायाखाली माझा ब्रेक आहे." शिकणाऱ्याच्या जिवात जीव यायचा. मला मात्र धाकधूक वाटायची. पेडल दोन असले तरी पुढे ते एकाच दांडीला जोडलेले होते. तेल तेच होते, आणि ते तेल झेलणारे आम्ही कॅलिपरही तेच होतो. पण ही गोष्ट मास्तर कधी कोणाला सांगत नसत. पुढेपुढे तर मला वाटते, ते स्वतःही विसरून गेले होते.

माझ्याकडे कोणी पाहत नसे. चिखल उडायचा, वाळायचा, पुन्हा उडायचा. कारखान्यात दिलेला जस्ताचा पातळ मुलामा कधीच उडाला होता आणि अंगावर गंज चढला होता. मोटारीचे छप्पर रोज पुसले जाई, आरसे पुसले जात. आमच्यावर चाकाची लोखंडी झाकणे असत. झाकली मूठ सव्वा लाखाची!

ती मूठ उघडली एका नव्या फलकाने. आमच्या समोरच दुसरी ड्रायव्हिंग स्कूल निघाली आणि तिच्या दारात कोरी मोटार येऊन उभी राहिली. मास्तरांनी आठ दिवस ती पाहिली आणि नवव्या दिवशी आमच्या मोटारीला चकाकणारी, मोठमोठ्या भोकांची चाके बसवून आणली. चाके सुंदर होती, त्यात वाद नाही. पण भोकांतून मी दिसू लागलो. शिकायला येणारी एक कॉलेजची मुलगी वाकून म्हणाली, "मास्तर, आत काहीतरी कुजलंय का?"

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांच्या मेव्हण्याने ते ऐकले.

हा मेव्हणा म्हणजे मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. सगळे त्याला रंगारीच म्हणत. फाटके, खिडक्यांच्या जाळ्या, कपाटे रंगवण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. माणूस मनाने लाख, पण स्वतःच्या कामाचा गर्व फार. "माझा एक हात म्हणजे दुसऱ्याचे तीन," असे तो उठता बसता सांगायचा. खोटेही नव्हते. तो ब्रश इतका भरून घ्यायचा, की एका हातात रंगाचा जाड थर बसायचा.

"दाजी, एवढंसं तोंड कशाला करता? फाटकाचा लाल रंग उरलाय माझ्याकडे. ऊन, पाऊस, काही होत नाही त्याला. शनिवारी लावून देतो."

"ब्रेक आहेत रे ते. चालेल ना?"

"लोखंड ते लोखंड, दाजी!"

शनिवारी दुपारी त्याने चाके काढली. मला मात्र काढले नाही. तारेच्या ब्रशने गंज खरवडला नाही, अंगावरचे तेलकट काळे धुतले नाही. एका फडक्याने तोंड पुसल्यासारखे केले आणि डबा उघडला. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले होते, 'दारे, खिडक्या व फाटकांसाठी. उष्णतेपासून दूर ठेवा.' मित्रांनो, मला ते समोर दिसत होते. ब्रेक आवळल्यावर मी किती तापतो हे मलाच ठाऊक. पण मला तोंड कुठे आहे?

भरलेला ब्रश माझ्या पाठीवरून फिरला. रंग ओघळून खाचांत उतरला. रबराच्या टोप्यांवर बसला, ज्या पिनांवर मी डावीउजवीकडे सरकतो त्यांवरही बसला. मला कारखान्यातली ती बाई आठवली. आता तिची पट्टी माझ्या खाचेतून गेली नसती.

आणि तरीही एक कबुली देतो. मी खूश झालो होतो. संध्याकाळी चाके चढली आणि भोकांतून लालभडक रंग चमकू लागला, तेव्हा येणारा जाणारा थांबून बघू लागला. मास्तरांनी मेव्हण्याची पाठ थोपटली. समोरचा स्कूलवालाही गुपचूप नजर टाकून गेला. इतक्या वर्षांनी माझ्याकडे कोणी पाहत होते. खाच अडली आहे, पॅड नीट मागे येत नाही, हे मला कळत होते. पण कौतुकाची भूक वाईट असते. मी मनाशी म्हटले, चालवून घेऊ.

सोमवारी सकाळी सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे एकसष्ट वर्षांच्या, निवृत्त झालेल्या नर्सबाई. टेकडीवरच्या वसाहतीत नवऱ्याबरोबर राहायच्या. जन्मभर गाडी नवऱ्याने चालवली होती, पण वर्षभरापूर्वी नवऱ्याची दृष्टी गेली. त्यातच मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून तीनदा त्यांना टेकडीखालच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावे लागे. आज शेजाऱ्याला विनवा, उद्या भाच्याला फोन करा, असे चालले होते. मागच्या महिन्यात दोनदा कोणी मिळाले नाही आणि दोनदा उपचार चुकले. तेव्हा सिस्टर मास्तरांकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला फक्त एक रस्ता शिकवा. घर ते हॉस्पिटल." आता त्यांचे शिकणे होत आले होते आणि परीक्षा त्याच शुक्रवारी होती. ती हुकली, तर पुढची तारीख दोन महिन्यांनी होती.

त्या सोमवारी मास्तरांनी टेकडीचाच रस्ता धरला. चढ सुरू झाला तशी मोटार जड ओढू लागली. माझ्या खाचेत पॅड अडकून बसला होता. सिस्टरांनी ब्रेकवरून पाय काढला होता, तरी मी चकती सोडू शकत नव्हतो. उजव्या चाकाकडच्या माझ्या भावाचीही तीच गत होती. घासत, तापत आम्ही वर चाललो. मित्रांनो, आम्हा ब्रेकवाल्यांच्या भाषेत तीनच शब्द आहेत: आवाज, वास आणि ताप. मी तिन्ही शब्द ओरडून सांगत होतो.

"काहीतरी करपतंय," सिस्टर म्हणाल्या.

"नवा रंग आहे. चार दिवस वास येणारच."

टेकडीच्या माथ्यावर, वसाहतीच्या पाण्याच्या टाकीपाशी, सिस्टरांनी मोटार थांबवली. खाली उतरल्या आणि वाकून उजव्या हाताची पालथी बाजू माझ्याजवळ आणली, आजारी मुलाच्या कपाळाशी नेतात तशी. मग पलीकडे जाऊन भावाजवळ नेली. परत माझ्याकडे आल्या.

"मास्तर, या डाव्या चाकाला ताप आहे. उजव्यालाही आहे, पण याला जास्त."

मास्तर हसले. "सिस्टर, ब्रेक आहेत ते! गरम होणारच. पेशंट नाहीत."

"चाळीस वर्षं हात लावलाय मी. ही ऊब वेगळी आहे."

"बसा तुम्ही. आणि काळजी कशाला? माझ्या पायाखाली माझा ब्रेक आहे ना."

मग शिष्याने गुरूचे ऐकावे तसे त्यांनी ऐकले आणि बसल्या. माझ्या अंगावरचा लाल रंग तेव्हा फोड येऊन तपकिरी पडू लागला होता.

उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर ब्रेक लागला, दुसऱ्या वळणावर लागला. प्रत्येक वेळी मी आवळले आणि सोडू शकलो नाही. माझ्या पोटातले तेल जुने होते. चार वर्षे कोणी बदलले नव्हते आणि त्यात पाण्याचा अंश मुरला होता. आता ते उकळू लागले. तेलात बुडबुडे झाले, की पेडलाचा जोर माझ्यापर्यंत पोचत नाही. तो बुडबुड्यांतच विरून जातो.

तिसऱ्या वळणानंतर रस्ता सरळ खाली जातो. टोकाला चौक, आणि चौकात बसथांबा. सकाळची वेळ होती. थांब्यावर वीसपंचवीस माणसे रांगेत उभी होती.

सिस्टरांनी ब्रेक दाबला. पेडल मऊ लोण्यासारखा तळाला गेला.

"मास्तर, लागत नाहीये."

"जोरात दाबा!"

"तळाला टेकलाय. तुमचा दाबा."

मास्तरांनी आपल्या ब्रेकवर पाय मारला. तोही तसाच तळाला गेला. त्या क्षणी दुसऱ्या ब्रेकच्या जोरावरचे सगळे पोकळ धैर्य संपले. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी माझ्या जागी तडफडत होतो. अंगात जोर होता, पण तो वापरायला तेलाचा दाब पोचत नव्हता. रांगेतली माणसे मोठी मोठी होत चालली होती. एका बाईच्या हातातली निळी छत्री मला अजून आठवते.

घाबरलेल्या पेशंटपुढे आपण घाबरायचे नाही, ही सिस्टरांची सवय. त्यांनी हळू आवाजात, जणू स्वतःलाच, मास्तरांनी शिकवलेला उताराचा धडा म्हणायला सुरुवात केली. "उतारावर लहान गिअर. तिसऱ्यातून दुसरा." मोटार घरघरली. "दुसऱ्यातून पहिला." मोटारीने जोराचा हिसका दिला. "हँडब्रेक एकदम नाही ओढायचा. थोडा, थोडा." हँडब्रेकची तार मागच्या चाकांना जाते, तिला तेल लागत नाही. मागच्या भावंडांनी इमानाने जमेल तेवढे आवळले. वेग उतरला, पण मोटार थांबेना. चौकाच्या अलीकडे डाव्या हाताला एका बांधकामाची वाळू पडली होती. सिस्टरांनी हॉर्न दाबून धरला आणि मोटार त्या वाळूत घातली.

थांब्यापासून आम्ही पंधरा पावलांवर थांबलो.

कोणाला खरचटलेसुद्धा नाही. बंपर फुटला. माझ्यातून धूर येत होता. छत्रीवाली बाई धावत आली आणि तिने सिस्टरांना पाणी दिले. सिस्टरांनी ते आधी मास्तरांना पाजले. मग त्या गुपचूप वाळूच्या ढिगावर बसल्या आणि त्यांना रडू कोसळले.

मोटार दोरीने ओढत मावशींच्या गॅरेजात नेली, तेव्हा मास्तर, सिस्टर आणि बातमी ऐकून धावत आलेला रंगारी बरोबर होते; सिस्टरांनी झाले ते सगळे सांगितले. या मावशी कोणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, गावातल्या निम्म्या मोटारींची नाडी ओळखणाऱ्या मेकॅनिक होत्या. त्यांनी मला उतरवले, टेबलावर ठेवले आणि खाचेत स्क्रू-ड्रायव्हरचे टोक फिरवले. भाजून कडक झालेल्या रंगाची खपली बाहेर आली. मास्तरांनी ती उचलून मेव्हण्यासमोर धरली.

"लोखंड ते लोखंड, नाही का? अरे, तू आम्हाला मारलं असतंस!"

रंगाऱ्याने ती खपली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

"थांबा मास्तर," मावशी म्हणाल्या. त्यांनी माझ्या पोटातले तेल एका काचेच्या ग्लासात घेतले होते. ते चहासारखे काळपट होते. "रंग त्याने लावला. हे तेल कोणी बदललं नाही? आणि वरती बाईंनी सांगितलं, चाकाला ताप आहे, तेव्हा हसलं कोण? एकट्याच्या माथी मारू नका."

मास्तर खाली बसले. मग सिस्टर बोलल्या. "शुक्रवारी माझी परीक्षा आहे. मी याच गाडीत बसणार. याच गाडीचा क्लच माझ्या पायाला कळतो. पण त्या टाकीपाशी मी हात नेईन, आणि हाताला पटलं तरच खाली उतरेन. तोवर काय करायचं ते करा."

मंगळवारी सकाळी रंगारी सगळ्यांच्या आधी गॅरेजच्या दारात उभा होता. "मावशी, हे मीच नीट करतो. फक्त शिकवा."

"शिकवत नाही. तूच शोधून काढ," मावशी म्हणाल्या आणि भंगारातला एक मोडका कॅलिपर त्याच्यापुढे टाकला. "दुकानदार सांगेल ते आणू नकोस. डबा काय म्हणतो ते वाच, मग याच्यावर लाव, मग छळ त्याला. जो टिकेल तो रंग."

रंगाऱ्याने त्या मोडक्या भावाच्या अंगावर तीन पट्टे ओढले. एक त्याच्या लाडक्या फाटकाच्या रंगाचा. दुसरा सायलेन्सरला लावतात त्या चंदेरी रंगाचा, ज्याच्या डब्यावर मोठ्या आकड्यांत उष्णता लिहिली होती. तिसरा खास ब्रेकसाठी बनवलेला, दोन डब्यांचा. एका डब्यात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर, आणि ते ठरलेल्या मापात मिसळायचे. रात्रभर वाळू दिल्यावर बुधवारी सकाळी त्याने पट्ट्यांवर गरम हवेची बंदूक धरली. फाटकाचा रंग पहिल्याच फेरीत फुगून सोलला. रंगाऱ्याने मान खाली घातली, पण बंदूक हलवली नाही. चंदेरी आणि दोन डब्यांचा, दोघे टिकले.

"चंदेरीच लावू. लवकर वाळतो," मास्तर म्हणाले. त्यांना शुक्रवार दिसत होता.

"ब्रेकच्या आसपास काय सांडतं?" मावशींनी विचारले.

रंगाऱ्याने दोन्ही पट्ट्यांवर ब्रेक ऑइलचे थेंब टाकले. तासाभराने अंगठ्याने पुसून पाहिले. चंदेरी रंग मऊ होऊन अंगठ्याला लागून आला. तापाला तो पुरा पडला होता, पण तेलापुढे त्याने हात टेकले. दोन डब्यांच्या रंगावर डागसुद्धा नव्हता. मग त्याच्यावर खडी मारून पाहिली. टवका उडाला, पण आजूबाजूचा रंग सुटला नाही.

"आणि ते भट्टीतलं पावडर कोटिंग? ते तर सगळ्यात मजबूत म्हणतात," मास्तरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मजबूत आहे," मावशी म्हणाल्या, "पण भट्टीत घालायचं तर याच्या आतली सगळी रबरं काढावी लागतात, नाहीतर ती भाजून निघतील. परत नवीन बसवायची. शुक्रवारपर्यंत व्हायचं नाही. हाच लावायचा. आणि डब्यावर एक दिवस वाळवा म्हटलंय, तर पूर्ण एक दिवस."

रंग ठरला, तशी रंगछटा ठरवायची राहिली. रंगारी लाल डब्याकडे बघायलाही तयार नव्हता. काळा घ्यावा, म्हणजे दिसणारच नाही, असे तो पुटपुटला. त्या वेळी सिस्टर डब्यांपाशी उभ्या होत्या. त्यांनी फिकट पिवळसर, जवळजवळ पांढरा डबा उचलला.

"अहो, हा दोन दिवसांत काळा दिसेल. ब्रेकची धूळ बसते," रंगारी म्हणाला.

"धुवा की मग. धुताना तरी कोणी त्याच्याकडे बघेल. आमचे कपडे पांढरे का असायचे? डाग लपू नये म्हणून. तेल गळलं, तडा गेला, तर दिसायला पाहिजे."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी इतका विचार केला नव्हता. लाल रंगाच्या वेळी मी मिरवलो होतो. या वेळी माझा ऊर खरोखर भरून आला.

बुधवारी दुपारी रंगाऱ्याने मला, आणि माझ्यामागून माझ्या भावाला, तारेच्या ब्रशने घासले, पार मूळ लोखंड दिसेपर्यंत. मग तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने धुतले, पुन्हा धुतले. रबराच्या टोप्या, दट्ट्या, पिना, तेलातली हवा काढायचा छोटा स्क्रू, आणि माझ्या दोन्ही खाचा त्याने कागदी टेपने झाकल्या. टेप कापताना तो श्वास रोखून धरत होता. ब्रश बुडवला आणि डब्याच्या काठावर निथळत ठेवला. ज्याचा एक हात म्हणजे दुसऱ्याचे तीन, त्याने त्या दिवशी मला तीन वेगवेगळे पातळ हात दिले, मधे थांबून थांबून. टेप काढल्यावर त्याने एक पातळ पट्टी माझ्या खाचेत सरकवली. ती अलगद आरपार गेली. त्याने मान डोलावली. मला पुन्हा कारखान्यात गेल्यासारखे वाटले.

गुरुवारी सकाळी मास्तर फेऱ्या मारू लागले. "मावशी, हाताला तर वाळलेला लागतोय. चढवा आता. सिस्टरांचा सराव बुडतोय."

"हाताला वाळला, पोटात नाही."

"जरा शेगडीजवळ ठेवला तर?"

मावशींनी चष्म्यावरून नुसते पाहिले. मास्तर बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी सराव झालाच नाही, आणि तसेच परीक्षेला जायचे ठरले. दिवस पुरा भरल्यावर मावशींनी आम्हाला मोटारीवर चढवले, सगळे जुने तेल काढून नवे भरले, नळ्यांतला हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत मास्तरांना पेडल दाबायला लावले. मास्तर निमूटपणे दाबत राहिले.

शुक्रवारी सिस्टरांना घ्यायला मोटार टेकडीवर गेली. परीक्षेचे मैदान खाली होते. रस्ता तोच. सिस्टर चालवायला बसल्या आणि मास्तर डावीकडे सरकले. टेकडीवर आधीच येऊन थांबलेला रंगारी मागचे दार उघडून आत शिरला.

"तू कुठे?" मास्तरांनी विचारले.

"मी मागे बसणार. रंग माझा आहे."

टाकीपाशी सिस्टर उतरल्या. मास्तरही उतरले. या वेळी ते हसले नाहीत. पालथा हात माझ्याजवळ आला. चढ चढून आलो होतो, तरी अंगात नेहमीची ऊब होती, त्याहून जास्त काही नाही. सिस्टरांनी हात बराच वेळ तसाच धरला. मी माझ्या तीन शब्दांपैकी एकही उच्चारला नाही. गप्प राहणे हेच माझे उत्तर होते.

"चला," त्या म्हणाल्या.

पहिले वळण. आवळले, सोडले. दुसरे वळण. आवळले, सोडले. रंगाऱ्याने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिसऱ्या वळणानंतर सरळ उतार लागला आणि खाली तोच थांबा, तीच रांग. तेवढ्यात थांब्यावरची बस इशारा न देता रस्त्यावर आली. सिस्टरांचा पाय पडला. पेडल ताठ होता. नवे तेल जोरात आले, मी आणि माझ्या भावाने चकत्या जीव खाऊन आवळल्या. मोटार जागच्या जागी उभी राहिली. बस निघून गेली. सिस्टरांनी पाय उचलला, आणि मी सोडले. केसभर जागा मोकळी होती, पॅड मागे आला, चकती सुटली.

मागून रंगाऱ्याचा मोठा उसासा ऐकू आला. मास्तरांचा पाय त्यांच्या ब्रेकवर होता, पण त्यांनी तो दाबला नव्हता.

सिस्टर परीक्षेत पास झाल्या. पुढे मास्तर प्रत्येक शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी नवे वाक्य सांगू लागले, "पेडल दोन आहेत, ब्रेक एकच आहे. म्हणून आधी त्याची चौकशी करायची." रंगारी आजही फाटके रंगवतो, पण डब्याची मागची बाजू वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही.

वर्षभराने मास्तरांनी नवी मोटार घेतली, तेव्हा सिस्टरांनी आमची मोटार मागून घेतली. आता मी त्यांच्याकडे असतो. आठवड्यातून तीनदा आम्ही टेकडी उतरतो. महिन्यातून एकदा सिस्टर माझ्या अंगावरची काळी धूळ धुतात आणि माझा फिकट रंग पुन्हा दिसू लागतो. एका कोपऱ्यात खडीने टवका उडाला आहे, बाकी रंग जशास तसा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझ्यासारखे कोणीतरी चाकाआड बसलेले असते. त्याला सजवा, पण सजवण्याआधी त्याचे काम काय आहे ते विचारा. करपल्याचा वास आला, तर मोठ्यांना लगेच सांगा, आणि ते हसले तर पुन्हा सांगा. आम्हाला हात मात्र लावू नका, आम्ही पोळतो.

हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर सिस्टरांचे यजमान काठी टेकत उतरतात. लगेच आत जात नाहीत. मोटारीच्या अंगावरून चाचपत पुढच्या डाव्या चाकाशी येतात, हळूच वाकतात आणि पालथा हात माझ्याजवळ आणतात. माझा रंग कोणता, हे त्यांनी कधी पाहिलेले नाही आणि कधी पाहणारही नाहीत.

"ताप नाही," ते म्हणतात, आणि मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आत जातात.